दऱ्यांचा दर्या कसा झाला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या हातून एका पोरावर अन्याय झाला होता. तो का झाला, हे कळायला मला तीनेक वर्षं लागली. आज त्याच गोष्टीच्या निमित्ताने आपल्याशी संगणकाच्या कळफलकाविषयी बोलणार आहे. कवीने कळफलकावर बोलावं, हे आपल्याला थोडं विचित्र वाटेल. पण हल्ली कवितेला छापखान्यात जाण्याआधी कळफलकाच्या उंबरठ्यावरूनच जावं लागतं, आणि त्या उंबरठ्यावर माझी एक ओळ ठेचकाळली होती.

गोष्ट साधारण वीस वर्षांपूर्वीची. नांदेडच्या वजिराबादेत एका जिन्याखालच्या दुकानात डीटीपीचं काम चालायचं. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, पतसंस्थांचे अहवाल आणि मधूनमधून आमच्यासारख्यांचे कवितासंग्रह. तिथला ऑपरेटर विशीतला, हात असा की पाहत राहावं. माउसला तो क्वचितच हात लावायचा. डाव्या हाताची दोन बोटं कुठल्यातरी कळांवर टेकायची आणि पडद्यावर ओळ उचलली जायची, दुसरीकडे बसायची, ठळक व्हायची. त्या काळी मराठवाड्यात लोडशेडिंग जोरात होतं. त्यामुळे दर दोन मिनिटांनी त्याची बोटं ‘कंट्रोल-एस’वर जायची. म्हणजे केलेलं काम जतन करणं. वीज गेली तरी कविता जाणार नाही, एवढी त्याची काळजी.

माझ्या एका कवितेत बालाघाटच्या दऱ्या होत्या. संग्रह दूरच्या एका मोठ्या शहरात छापायला गेला. छापून आला तेव्हा दऱ्यांच्या जागी ‘दर्या’ होता. बालाघाटच्या डोंगरात चक्क समुद्र! ज्या लातूरला पुढे २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या शेजारी मी समुद्र नेऊन ठेवला होता. वर आमच्या घरातल्या बोलीत दर्या म्हणजे नदीसुद्धा. त्यामुळे काही मित्रांना वाटलं, कवीने मुद्दामच काहीतरी खोल लिहिलं आहे. मी मात्र तडक दुकानात गेलो आणि त्या पोराला चारचौघांत नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला, “चाचा, म्या बरोबर मारलं होतं.” मला ते खरं वाटलं नाही.

पुढे त्याला तशाच एका मोठ्या शहरातल्या छापखान्यात नोकरी लागली. नांदेडच्या दुकानात विंडोजचे संगणक होते, तिथे अ‍ॅपल कंपनीचे मॅक. आठ दिवसांत त्याचा फोन आला. “चाचा, हातच चालंना गेलाय. लोक हसायलेत मला.” जो पोरगा तासाला चार पानं सहज लावायचा, त्याला एक पान लागेना. काम तेच, पानं तीच, भाषा तीच. मग अडलं कुठे? बोटांत अडलं होतं.

श्रोतेहो, संगणकाला काम सांगायचे दोन मार्ग असतात. एक, माउसने यादी उघडून हवी ती आज्ञा निवडायची. दुसरा, दोनतीन कळा एकदम दाबायच्या. या दुसऱ्या मार्गाला शॉर्टकट म्हणतात. मी त्याला जोडकळ म्हणतो, जोडाक्षरासारखी. दिवसभर पानं लावणाऱ्या माणसाला दर वेळी कळफलक सोडून माउसकडे जाणं परवडत नाही. ऑपरेटरला पैसे पानावर मिळतात. म्हणून त्याचा वेग हेच त्याचं भांडवल, आणि ते भांडवल त्याच्या डोक्यात कमी, बोटांत जास्त असतं. ‘कापायचं कसं?’ असं विचारलं तर त्याला क्षणभर आठवत नाही, पण बोटं आपोआप तिथे जातात. सायकल चालवण्यासारखंच हे.

या जोडकळा आल्या कुठून? मजकूर कापणं, त्याची नक्कल करणं आणि दुसरीकडे चिकटवणं, ही कल्पना अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात घडली. ती घडवणाऱ्यांतले एक लॅरी टेस्लर पुढे अ‍ॅपलमध्ये गेले. २०२० साली त्यांचं निधन झालं. अ‍ॅपलच्या १९८३ च्या ‘लिसा’ संगणकावर आणि १९८४ च्या मॅकिंटॉशवर या कामांना झेड, एक्स, सी, व्ही या शेजारी शेजारी असलेल्या कळा मिळाल्या. झेड म्हणजे केलेलं मागे घेणं, एक्स म्हणजे कापणं, सी म्हणजे नक्कल, व्ही म्हणजे चिकटवणं. या कळांसोबत अ‍ॅपलने स्वतःची एक वेगळी कळ दाबायला सांगितली. तिचं नाव कमांड. तिच्यावर चार कोपऱ्यांत वेटोळी असलेला चौकोन असतो. सुझन केअर या चित्रकर्तीने ते चिन्ह चिन्हांच्या एका कोशातून निवडलं. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर ते वापरतात.

दुसरीकडे आयबीएमच्या घराण्यातल्या संगणकांवर कमांड कळ नव्हतीच. तिथे कंट्रोल आणि ऑल्ट होत्या. सुरुवातीच्या विंडोजमध्ये नक्कल करायला कंट्रोल आणि इन्सर्ट, तर चिकटवायला शिफ्ट आणि इन्सर्ट अशा कळा होत्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विंडोजनेही झेड, एक्स, सी, व्ही ही चौकडी उचलली, पण जोडीला घेतली कंट्रोल.

आपल्याला वाटेल, एवढंच ना! कंट्रोलच्या जागी कमांड दाबली की झालं. इथेच आपण फसतो. कंट्रोल कळफलकाच्या डाव्या टोकाला असते, तिच्यावर करंगळी जाते. कमांड असते मोठ्या स्पेसबारच्या लगत, तिच्यावर अंगठा जातो. म्हणजे जोडकळेतलं एक बोट बदललं की पंजाची सगळी ठेवणच बदलते. तबलजीला सांगावं, की बोल तेच आहेत, फक्त करंगळीचं काम आता अंगठ्याने करा, तसला हा प्रकार. शिवाय मॅकवर कंट्रोल नावाची कळ आहेच, पण तिचं काम निराळं. त्यामुळे जुनी सवय तिथे जाऊन थडकते आणि काहीच घडत नाही.

काहीच न घडणं एक वेळ परवडतं. भलतंच घडणं जास्त वाईट. विंडोजवर होम ही कळ दाबली की आपण ओळीच्या सुरुवातीला जातो. मॅकवर तीच कळ बहुधा अख्ख्या मजकुराच्या सुरुवातीला नेते. विंडोजवर लिहिण्याच्या वर्ड या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एच म्हणजे एक शब्द शोधून त्या जागी दुसरा घालणं. मॅकवर कमांड-एच म्हणजे समोरचं सॉफ्टवेअरच पडद्याआड करणं. आमच्या पोराने पहिल्याच दिवशी शब्द बदलायला म्हणून ती दाबली आणि अख्खं पान गायब झालं. त्याला वाटलं, फाइल गेली. शेजारच्याने हसत ती परत आणून दिली. पण घाम फुटायचा तो फुटलाच.

खरी गंमत, आणि खरा धोका, एकेका कामासाठीच्या खास सॉफ्टवेअरमध्ये आहे. आपल्याकडे पत्रिका आणि मुखपृष्ठं बनवायला कोरलड्रॉ फार चालतं. त्यात विंडोजवर कंट्रोल-क्यू म्हणजे अक्षरांचं चित्ररेषांत रूपांतर करणं. मराठी ऑपरेटरच्या दृष्टीने ही सगळ्यात मोलाची जोडकळ. कारण आपला फाँट दुसऱ्याच्या संगणकावर नसेल तर आपली अक्षरं तिथे किडामुंगी होऊन जातात. रूपांतर केलं की ती अक्षरं राहतच नाहीत, चित्र होतात. मग फाँट असो वा नसो, ती बिघडत नाहीत. म्हणून काम बाहेर पाठवण्याआधी शेवटी कंट्रोल-क्यू, ही आमच्या भागातली पक्की सवय. आता मॅकवर कमांड-क्यू म्हणजे काय? समोरचं सॉफ्टवेअर बंद करणं! कामाच्या अगदी शेवटी, घाईच्या क्षणी, बोटं सवयीने क्यूवर जातात आणि संगणक विचारतो, जतन करू का? गडबडीत ‘नको’ म्हटलं की तासाभराचं काम गेलं.

आणि हा घोळ व्हायला दोन वेगळे संगणकच लागतात असंही नाही. लातूरला जा. ‘लातूर पॅटर्न’मुळे तिथे शिकवण्या, नोट्स आणि सराव प्रश्नपत्रिकांचं केवढं काम चालतं, ते आपण जाणताच. गणिताची सूत्रं टाइप करायला मॅथटाइप नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात कंट्रोल-एच म्हणजे आकडा वर चढवणं, कंट्रोल-एल म्हणजे खाली उतरवणं, कंट्रोल-एफ म्हणजे अपूर्णांक, कंट्रोल-आर म्हणजे वर्गमूळ. त्याच संगणकावर, शेजारच्याच चौकटीत वर्ड उघडलेलं असतं. तिथे एच म्हणजे शब्द बदलणं, एल म्हणजे मजकूर डावीकडे, एफ म्हणजे शोधणं, आर म्हणजे मजकूर उजवीकडे. चारही कळा त्याच, अर्थ आठ. पाण्याच्या सूत्रातला दोन खाली उतरायच्या ऐवजी अख्खा परिच्छेद डावीकडे सरकतो. तो निदान डोळ्यांना दिसतो. पण दहाचा पाचवा घात जर वर चढलाच नाही, तर छापलं जातं १०५. एक लाखाचे एकशे पाच झाले! ते विद्यार्थ्याला परीक्षेच्या आदल्या रात्री दिसतं, आणि आपलंच उत्तर चुकलं असं समजून तो जागत बसतो.

आता मराठीकडे येऊ. इंग्रजीत काम करणाऱ्याला जोडकळांचा एकच थर सांभाळायचा असतो. मराठी ऑपरेटरला त्याखाली आणखी एक थर असतो, तो अक्षरांचा. ज्यांनी टंकलेखन यंत्रावर शिक्षण घेतलं, त्यांच्या बोटांत रेमिंग्टनची मांडणी बसलेली. तिथे डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने टाइप करायचं. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. ‘श’ हवा तर अर्धा श मारून त्याला काना जोडायचा. सरकारने १९८६ साली इनस्क्रिप्ट नावाची मांडणी आणली आणि १९८८ साली ती सुधारली. तिथे क्रम उच्चाराचा. आधी क, मग वेलांटी. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. तिसरा मार्ग इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवायचा. एका दुकानात तीन ऑपरेटर असले तर तीन तऱ्हा.

वजिराबादच्या त्या दुकानात चौथीही होती, कारण तिथे उर्दूचं कामही यायचं. पूर्वी उर्दू मजकूर कातिब हाताने लिहीत. १९८१ साली अहमद मिर्झा जमील यांच्या अक्षरांवरून ‘नूरी नस्तालीक’ संगणकावर आलं. १९९४ पासून इनपेज नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि कातिबांचं काम हळूहळू थांबत गेलं. तो पोरगा उर्दूच्या अक्षरांपुरता शिकला होता. के या कळेवर इनस्क्रिप्टमध्येही क आणि उर्दूच्या उच्चारी मांडणीतही क, म्हणून तो खूश असायचा. पण पी दाबली की उर्दूत प उमटतो आणि इनस्क्रिप्टमध्ये ज. एम दाबली की इकडे म, तिकडे स. सकाळी एक लिपी आणि दुपारी दुसरी, असं तो करायचा. मी ते नुसतं बघत बसायचो. त्यात किती कसब आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आता दऱ्यांकडे. आपल्या मराठीत र आणि य यांची जोडणी दोन प्रकारे होते. ‘आचार्यास’ मधला र रफार होऊन वर बसतो. ‘आचाऱ्यास’, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यास, इथे तो आडवा, पापणीसारखा य ला चिकटतो. पहिल्यात आघात आहे, दुसऱ्यात नाही. दर्या आणि दऱ्या यांत तोच फरक. हिंदीला या पापणीची गरज पडत नाही. मराठीचं तिच्यावाचून चालत नाही.

जुन्या फाँटांमध्ये असली कमी वापरातली चिन्हं साध्या कळांवर मावत नसत. मग विंडोजवर ऑल्ट दाबून धरायची आणि उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवर चार आकडे मारायचे, की चिन्ह उमटायचं. ऑपरेटर लोक हे आकडे पाढ्यांसारखे पाठ करत. काहींनी पडद्याच्या कडेला चिठ्ठी डकवलेली असे. मॅकवर ही सोयच नाही. तिथे ऑल्टच्या जागी ऑप्शन ही कळ आहे. ती दाबून आकडे मारले तर भलतीच चिन्हं येतात. इंग्रजी आणि मराठी यांच्यात अदलाबदल करायला विंडोजवर काही सॉफ्टवेअरमध्ये स्क्रोल लॉक ही कळ वापरत. मॅकच्या कळफलकावर ती कळच नसते.

नोकरीला लागून तीनचार महिने झाले तेव्हा त्या पोराचा पुन्हा फोन आला. “चाचा, तुमच्या दर्याचं कोडं सुटलं.” त्याच्यासमोर कुणा दुसऱ्याच कवीचं काम आलं होतं. फाइल विंडोजवरून आलेली, दुरुस्त्या मॅकवर करायच्या. एका ओळीत बदल होता म्हणून ती ओळ पुन्हा टाइप करावी लागली. त्याने सवयीने ऑल्टचे चार आकडे मारायला हात नेला, आणि पापणीचा र काही येईना. शेजारचा जुना ऑपरेटर म्हणाला, “अरे, रफार देऊन टाक. कोण बघतंय?” माझ्या संग्रहाचंही असंच झालं असणार, असं तो म्हणाला. मला आठवलं, त्याच कडव्यात मी शेवटच्या क्षणी एक शब्द बदलून पाठवला होता. नांदेडहून दऱ्या बरोबरच गेल्या होत्या. मी बदललेल्या शब्दापायी ती ओळ तिकडे नव्याने टाइप झाली, आणि पापणीची कळ न सापडलेल्या कुणीतरी रफार देऊन टाकला. म्हणजे चुकीची सुरुवात माझ्यापासून झाली होती, आणि बोलणी खाल्ली त्या पोराने.

आता यावर उपाय काय? काही आहेत. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही बोटांची ही अडचण कळली आहे. पानं लावण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरने आपल्या आधीच्या क्वार्क आणि पेजमेकर या सॉफ्टवेअरच्या जोडकळांचे संच सोबत दिले, म्हणजे जुन्या माणसाला जुनीच बोटं वापरता यावीत. मॅकवर कमांड आणि कंट्रोल यांची अदलाबदल करण्याची सोय सेटिंगमध्ये असते, आणि एखाद्या सॉफ्टवेअरपुरती जोडकळ बदलताही येते. बदलत्या संगणकावर जाणाऱ्याने आधी आपण दिवसाला खरोखर वापरतो त्या दहापंधरा जोडकळा कागदावर उतरवाव्यात. त्यातल्या भलतंच करणाऱ्या कुठल्या, त्या लाल शाईने लिहाव्यात. नुसत्या निकामी ठरणाऱ्या कळा आठवड्यात सुटतात. लाल शाईच्या कळांना महिना लागतो.

मराठीपुरता उपाय याहून पक्का आहे. तो म्हणजे युनिकोड आणि इनस्क्रिप्ट. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. मग संगणक कुठल्याही कंपनीचा असो, अक्षर बदलत नाही. इनस्क्रिप्ट मांडणी विंडोजवर आहे, लिनक्सवर आहे, आणि मॅकचा देवनागरी कळफलकही त्याच धर्तीचा आहे. तिथे जे ही कळ म्हणजे र, डी म्हणजे हलन्त, आणि तिरकी रेघ म्हणजे य. या तीन कळा ओळीने मारल्या की दर्यातला ‘र्य’ येतो. तेच पहिल्या जे सोबत शिफ्ट दाबली, की दऱ्यांतला ‘ऱ्य’ येतो. ऑल्ट नको, चार आकडे नकोत. आता टंकलेखनाच्या सरकारी परीक्षाही यंत्राऐवजी संगणकावर होतात. नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींनी पहिल्याच दिवशी हा एक कळफलक धरावा, असं मी सांगेन. जुन्या माणसांना मात्र ‘बदला’ म्हणण्याआधी थोडं थांबावं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली. त्याला युनिकोड कळत नाही. तरी अनेक दुकानांनी ते पुढे कितीतरी वर्षं सोडलं नाही. लोक त्याला आळस म्हणाले. तो आळस नव्हता. पंधरा वर्षांत बोटांनी कमावलेलं एका दिवशी शून्यावर आणायचं, आणि त्या दिवशीही पैसे पानावरच मिळणार, हे गणित त्यांना जमत नव्हतं. ज्या मालकांना नवे संगणक घ्यायचे आहेत, त्यांनी यंत्राच्या किमतीत ऑपरेटरच्या एका महिन्याचा संथ हातही धरावा, एवढीच माझी विनंती आहे.

आणि आम्हा लिहिणाऱ्यांना एक विनंती. शेवटच्या क्षणी शब्द बदलला, तर ती सगळी ओळ पुन्हा तपासून घ्या. बदललेला शब्द बरोबर येतो. शेजारचा बिघडतो.

तो पोरगा आता पोरगा राहिलेला नाही. त्याच छापखान्यात तो पानांच्या विभागाचा प्रमुख आहे. ईदला नांदेडला आला तर घरी येतो, शीरखुर्मा खातो. मागच्या वेळी माझ्या विंडोजच्या संगणकावर एक पत्र टाइप करून द्यायला बसला, तर त्याचा अंगठा सारखा ऑल्टवर जायला लागला. स्वतःशीच हसला आणि म्हणाला, “चाचा, आता हिकडलं जमंना गेलंय.”

त्या संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ती ओळ त्यानेच टाइप करून पाठवली. बालाघाटच्या दऱ्या आता जागेवर आहेत.